ओगोवे नदीकाठचा दवाखाना

मुलांनो, जगाचा नकाशा समोर घ्या आणि त्यावर आफ्रिका खंड शोधा. या खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या रेषेवरच, गॅबन नावाचा एक लहान देश तुम्हांला दिसेल. ओगोवे ही या देशातील सर्वांत मोठी नदी. तिच्या दोन्ही काठांवर घनदाट जंगल आहे. याच नदीकाठी लांबारेने नावाचे गाव आहे आणि तेथे एक रुग्णालय आहे. उर्दूत तुम्ही ज्याला शिफाखाना म्हणता, तेच हे. १९१३ साली ते सुरू झाले, तेव्हा त्याला धड इमारतही नव्हती. कोंबड्यांचे एक जुने खुराडे, एवढीच त्याची जागा होती.

हे रुग्णालय सुरू करणाऱ्या माणसाचे नाव डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर. तुम्हांला आश्चर्य वाटेल, पण वयाच्या तिसाव्या वर्षी ते डॉक्टर नव्हतेच. ते विद्यापीठात शिकवत होते, चर्चमध्ये प्रवचन करीत होते आणि संगीतकार म्हणून युरोपात त्यांचे नाव होत होते. मान होता, आवडीचे काम होते, चांगले मित्र होते. मग हे सारे सोडून ते इतक्या दूर का गेले? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर त्यांच्या बालपणापासून सुरुवात करावी लागेल.

आल्बर्टचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी अल्सास प्रांतातील कायसर्सबर्ग या गावी झाला. हा प्रांत फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवर आहे. त्या काळी तो जर्मनीच्या ताब्यात होता. आज तो फ्रान्समध्ये आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिच्यामुळेच आल्बर्टवर मोठे संकट येणार आहे.

आल्बर्टचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. आल्बर्ट काही महिन्यांचा असतानाच ते गुन्सबाख या खेड्यात राहायला आले. या गावात चर्चची इमारत एकच होती. ख्रिस्ती धर्मातील कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही पंथांचे लोक तिच्यातच आपापल्या वेळी प्रार्थना करीत. आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने प्रार्थना करणाऱ्या माणसांबरोबर एका छपराखाली सुखाने राहता येते, हे आल्बर्ट लहानपणीच शिकला.

घरात संगीताची आवड होती. आल्बर्ट पाचव्या वर्षी पियानो वाजवू लागला. नवव्या वर्षी तर त्याने चर्चमधील ऑर्गन वाजवला. आपली बाजाची पेटी जशी हवेवर वाजते, तसाच ऑर्गनही हवेवर वाजतो. पण तो खोलीएवढा मोठा असतो आणि हातांबरोबर पायांनीही वाजवावा लागतो.

गावातील मुलांमध्ये आल्बर्ट धर्मोपदेशकाचा मुलगा म्हणून ओळखला जाई. त्याला मात्र इतर मुलांसारखेच व्हायचे होते. एकदा शाळेतून घरी येताना त्याची एका मुलाशी कुस्ती झाली. तो मुलगा आल्बर्टपेक्षा उंच आणि दणकट होता, तरीही आल्बर्टने त्याला चीत केले. खाली पडलेला मुलगा म्हणाला, की मलाही तुझ्यासारखा आठवड्यातून दोनदा मांसाचा रस्सा मिळाला असता, तर मीही तुझ्याएवढा बळकट झालो असतो. हे ऐकून आल्बर्टचा जिंकल्याचा आनंद क्षणात नाहीसा झाला. त्या दिवसापासून घरी रस्सा ताटात आला, की त्याला त्या मुलाचे शब्द आठवत आणि घास घशाखाली उतरत नसे.

पुढे हिवाळ्यात वडिलांच्या जुन्या कोटातून आल्बर्टसाठी एक ओव्हरकोट शिवला. आल्बर्टने तो घालायला साफ नकार दिला, कारण गावातील इतर मुलांकडे तसा कोट नव्हता. त्यासाठी त्याने वडिलांचा मार खाल्ला; पण कोट घातला नाही.

प्राण्यांविषयीही त्याला फार माया होती. रात्री झोपण्यापूर्वी आई त्याच्याकडून माणसांसाठी प्रार्थना म्हणून घेई. आई गेल्यावर तो हळूच स्वतःची एक प्रार्थना म्हणे. तीत तो सगळ्या मुक्या जीवांचे रक्षण करण्याची विनंती करी. सात-आठ वर्षांचा असताना एक मित्र त्याला पाखरे मारायला घेऊन गेला. दोघांच्या हातांत गलोली होत्या. आल्बर्टला ते पटत नव्हते. पण मित्र हसेल या भीतीने तो गेला. गलोलीत दगड लावून नेम धरला, तोच गावातील चर्चची घंटा वाजू लागली. आल्बर्टने गलोल फेकून दिली, ओरडून पाखरे उडवून लावली आणि तो घराकडे पळाला. लोक हसतील या भीतीने आपल्या मनाविरुद्ध वागायचे नाही, हा धडा तो त्या दिवशी शिकला.

अभ्यासात मात्र आल्बर्ट सुरुवातीला हुशार नव्हता. दहाव्या वर्षी त्याला म्यूलहाउस या शहरात नातेवाइकांकडे शिकायला ठेवले. तेथेही त्याची प्रगती बेताचीच होती. मग वर्गावर एक नवे शिक्षक आले. ते प्रत्येक धडा घरून तयार करून आणीत आणि तपासलेल्या वह्या ठरलेल्या दिवशी न चुकता परत देत. आपले शिक्षक एवढी मेहनत घेतात, मग आपणही घेतली पाहिजे, असे आल्बर्टला वाटू लागले. काही महिन्यांतच तो चांगल्या विद्यार्थ्यांमध्ये गणला जाऊ लागला. त्या शिक्षकांनी त्याला उपदेश केला नव्हता. त्यांचे काम पाहूनच तो बदलला होता.

पुढे स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात श्वाइट्झर यांनी तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. १८९९ मध्ये त्यांना तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली. पॅरिसमध्ये विडोर नावाचे थोर ऑर्गनवादक होते. त्यांच्याकडे ते संगीत शिकले. बाख या जर्मन संगीतकारावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला.

असे सर्व काही सुरळीत चालले होते. पण एक विचार त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. मला प्रेमळ घर मिळाले, शिक्षण मिळाले, निरोगी शरीर मिळाले. आणि भोवतालच्या कितीतरी माणसांना यांपैकी काहीच मिळाले नाही. हे सुख मी फुकट कसे घेऊ? १८९६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सुट्टीत गुन्सबाखला असताना त्यांनी मनाशी निश्चय केला. तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि संगीत यांसाठी जगायचे आणि त्यानंतरचे आयुष्य माणसांच्या प्रत्यक्ष सेवेसाठी द्यायचे.

ही सेवा कोणती, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हते. १९०४ च्या शरद ऋतूत एका संध्याकाळी त्यांच्या टेबलावर पॅरिसच्या एका ख्रिस्ती मिशनचे मासिक पडलेले होते. त्यात गॅबनमधील मिशनच्या कामाविषयी लेख होता. तेथे काम करायला माणसे मिळत नाहीत, असे त्यात लिहिले होते. श्वाइट्झर यांनी लेख वाचून संपवला आणि शांतपणे आपल्या कामाला लागले. त्यांचा शोध संपला होता.

ते डॉक्टर होऊन तेथे जाणार होते. त्यांनी डॉक्टरच का व्हायचे ठरवले? प्रवचने त्यांनी पुष्कळ केली होती. प्रेम आणि दया यांविषयी ते अनेक वर्षे बोलत आले होते. आता त्यांना न बोलता हातांनी काम करायचे होते.

१३ ऑक्टोबर १९०५ रोजी त्यांनी आईवडिलांना आणि मित्रांना पत्रे पाठवून आपला बेत कळवला. सगळीकडे खळबळ उडाली. नातेवाइकांनी समजूत घातली. गुरू विडोर रागावले. सेनापतीने हातात बंदूक घेऊन सैनिकांच्या रांगेत जाऊन बसावे, तसा हा प्रकार आहे, असे ते म्हणाले. वैद्यकीय शाखेचे प्रमुख तर चकितच झाले. प्राध्यापक स्वतः विद्यार्थी होऊ पाहत आहे, हे ऐकून त्यांना वाटले, की या माणसाला मनोरुग्णांच्या डॉक्टरांकडेच पाठवावे!

पण श्वाइट्झर मागे हटले नाहीत. तिसाव्या वर्षी ते आपल्याहून कितीतरी लहान मुलांबरोबर वर्गात बसू लागले. एकीकडे शिकवणे, प्रवचने, ग्रंथलेखन व संगीताचे कार्यक्रम चालू होते आणि दुसरीकडे शरीरशास्त्र व औषधशास्त्र यांचा अभ्यास. रात्रीची झोप त्यांना फारशी मिळत नसे. १९११ च्या अखेरीस ते वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाले. जून १९१२ मध्ये त्यांचा हेलेन ब्रेसलाउ यांच्याशी विवाह झाला. हेलेन या एका नामवंत इतिहासकाराच्या कन्या. श्वाइट्झर यांच्याबरोबर काम करता यावे, म्हणून त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते.

आता आणखी एक अडचण उभी राहिली. मिशनला डॉक्टर हवा होता. पण श्वाइट्झर यांचे धर्माविषयीचे विचार मिशनमधील काही मंडळींना मान्य नव्हते. तेव्हा श्वाइट्झर यांनी वचन दिले, की मी तेथे फक्त रोग्यांवर उपचार करीन, प्रवचन करणार नाही. आणि रुग्णालयाचा खर्चही मीच उभा करीन. मिशनने त्यांना राहायला घर आणि दवाखान्यासाठी जागा देण्याचे कबूल केले. श्वाइट्झर दारोदार फिरले. मित्रांकडून, चर्चमधील लोकांकडून आणि ऑर्गनच्या कार्यक्रमांतून त्यांनी पैसे जमवले. औषधे, उपकरणे आणि इतर सामान यांच्या सत्तर पेट्या भरल्या. मार्च १९१३ मध्ये पतिपत्नी जहाजात बसली आणि १६ एप्रिलला लांबारेने येथे पोहोचली.

तीन आठवडे कोणी उपचारासाठी येऊ नये, असे त्यांनी आधी कळवले होते. पण दुखणे कधी वाट पाहते काय? दुसऱ्या दिवसापासूनच रोगी येऊ लागले. औषधांच्या पेट्या अजून वाटेतच होत्या. डॉक्टर घरासमोर उघड्यावर रोगी तपासू लागले. दुपारी ऊन तापे आणि संध्याकाळी वादळ झाले, की सारे सामान धावत व्हरांड्यात न्यावे लागे. जवळच एक रिकामे खुराडे होते. डॉक्टरांनी ते साफ केले, भिंतींना चुना लावला आणि आत फळ्या ठोकून औषधे मांडली. हाच त्यांचा पहिला दवाखाना!

रोगी होड्यांतून येत. काही तर दोनशे-तीनशे किलोमीटर अंतरावरून येत. हिवताप, कुष्ठरोग, आमांश, हर्निया, त्वचेवरील चिघळलेल्या जखमा असे नाना रोग असत. त्सेत्से नावाच्या माशीच्या चाव्याने होणारा निद्रारोग फार भयंकर. त्यात रोगी झोपेत बुडत जातो आणि उपचार न झाल्यास दगावतो. पहिल्या नऊ महिन्यांतच डॉक्टरांनी सुमारे दोन हजार रोगी तपासले.

रोग्यांच्या भाषा अनेक आणि डॉक्टरांना त्यांतील एकही येत नव्हती. येथे त्यांच्या मदतीला आला जोसेफ. हा तेथलाच रहिवासी. पूर्वी तो गोऱ्या लोकांकडे स्वयंपाकी होता. त्याला फ्रेंच आणि तेथील आठ बोली येत. शरीराचे अवयव मात्र तो स्वयंपाकघरातील शब्दांनीच सांगे. अमुक बाईच्या पाठीच्या वरच्या मांसाच्या तुकड्यात दुखते आहे, असे तो बकऱ्याच्या मांसाविषयी बोलावे तसे सांगे. डॉक्टरांना हसू येई. पण दुखणे कोठे आहे, ते बरोबर कळे. जोसेफ नसता, तर हे रुग्णालय उभे राहिले असते की नाही, याची शंकाच आहे.

रुग्णालयाचे काही नियम होते. रोज सकाळी ते मोठ्याने सांगितले जात. डॉक्टरांच्या घराजवळ थुंकू नये, मोठ्याने बोलू नये, आपल्याबरोबर एका दिवसाचे अन्न आणावे आणि औषधाची बाटली किंवा डबी परत करावी. तुम्ही म्हणाल, बाटलीचे एवढे काय? त्या दमट हवेत कागदात किंवा पुठ्ठ्याच्या डब्यात औषध टिकत नसे आणि बाटल्या तर युरोपातून मागवाव्या लागत. प्रत्येक रोग्याला नंबर लिहिलेली एक पुठ्ठ्याची चकती मिळे. तो ती दोरीने गळ्यात बांधी. डॉक्टरांच्या वहीत त्या नंबरापुढे त्याचा रोग आणि औषध यांची नोंद असे.

ऑगस्ट १९१३ मध्ये डॉक्टरांनी पहिली मोठी शस्त्रक्रिया केली. हर्निया झालेल्या एका रोग्याचे आतडे अडकून बसले होते. अशा वेळी लवकर शस्त्रक्रिया झाली नाही, तर रोगी वेदनांनी तळमळत मरतो. या भागात पूर्वी अनेकांना असेच मरण आले होते. शस्त्रक्रियेसाठी खोलीही नव्हती. मिशनच्या शाळेतील मुलांच्या झोपण्याच्या खोलीत टेबल मांडले. हेलेनबाईंनी रोग्याला भूल दिली. जोसेफने रबराचे हातमोजे घालून मदत केली. भूल उतरल्यावर रोग्याने डोळे उघडले. दुखणे थांबले आहे, हे त्याला कळेना, खरेही वाटेना. त्याचा हात अंधारात डॉक्टरांचा हात शोधू लागला आणि सापडल्यावर तो सोडीना.

भूल म्हणजे काय, हे तेथील लोकांनी कधी पाहिले नव्हते. हा डॉक्टर आधी माणसाला मारतो, मग त्याचा रोग काढून टाकतो आणि नंतर त्याला पुन्हा जागे करतो, अशी बातमी गावोगावी पसरली. लोक डॉक्टरांना ओगांगा म्हणू लागले. ओगांगा म्हणजे मंत्रतंत्र करून रोग घालवणारा वैदू.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले. तुम्हांला अल्सासची गोष्ट आठवते ना? श्वाइट्झर पतिपत्नी जर्मनीची नागरिक होती आणि गॅबनवर राज्य होते फ्रान्सचे. शत्रूच्या देशातील माणसे म्हणून त्यांना घरातच कैद केले. दारावर पहारा बसला. रोग्यांना भेटायलाही बंदी झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस ही बंदी उठली आणि काम पुन्हा सुरू झाले.

या युद्धात गोऱ्या लोकांची माणसे मरत आहेत, ही बातमी जंगलातील गावांत पोहोचली. एका म्हाताऱ्या आफ्रिकी माणसाने डॉक्टरांना विचारले, की या टोळ्या एकत्र बसून बोलणी का करीत नाहीत? एवढ्या मेलेल्या माणसांची भरपाई त्या कशी करणार? त्या भागात लढाईनंतर मारल्या गेलेल्या प्रत्येक माणसाची भरपाई द्यावी लागे. सुधारलेल्या म्हणवणाऱ्या युरोपाला जे सुचले नाही, ते त्या म्हाताऱ्याला सहज सुचले होते. डॉक्टरांजवळ याला उत्तर नव्हते.

युद्धाच्या त्या दिवसांत श्वाइट्झर एकच विचार करीत होते, की माणसाने वागावे कसे? सप्टेंबर १९१५ मध्ये ते एका आजारी बाईला पाहायला होडीतून दूर निघाले होते. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळत होता. होडी पाणघोड्यांच्या कळपातून वाट काढीत होती. त्या क्षणी त्यांना आपल्या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत सापडले. ते म्हणजे जीवनाविषयी आदर. मला जसे जगावेसे वाटते, तसेच माझ्या भोवतीच्या प्रत्येक जीवाला वाटते. म्हणून जीव वाचवणे हे चांगले आणि विनाकारण जीव घेणे हे वाईट. भारतातील अहिंसेच्या विचाराविषयीही त्यांना आस्था होती. पुढे त्यांनी भारतीय तत्त्वज्ञानावर एक ग्रंथ लिहिला.

१९१७ मध्ये या दांपत्याला कैदी म्हणून फ्रान्सला नेण्यात आले. १९१८ मध्ये सुटका होऊन ती अल्सासला परतली, तेव्हा डॉक्टरांची आई या जगात नव्हती. १९१६ मध्ये रस्त्याने जाताना सैन्याच्या घोड्यांखाली सापडून ती मरण पावली होती. डॉक्टर स्वतः आजारी होते आणि डोक्यावर रुग्णालयाचे कर्ज होते. पण ते खचले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी स्वीडनमध्ये व्याख्याने दिली, ऑर्गनचे कार्यक्रम केले आणि लांबारेनेच्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. कर्ज फिटले. १९२४ मध्ये ते पुन्हा लांबारेनेला गेले. हेलेनबाईंची प्रकृती बिघडली होती आणि मुलगी रेना लहान होती. म्हणून त्या दोघी युरोपात राहिल्या. हा वियोग त्या घराला पुढेही अनेक वर्षे सोसावा लागला.

लांबारेनेला जुने रुग्णालय गवतात आणि झुडपांत बुडाले होते. छपरे पडली होती. डॉक्टर सकाळी रोगी तपासत आणि दुपारी गवंडी-सुतार होत. तेवढ्यात १९२५ मध्ये दुष्काळ आला. लाकडाच्या व्यापारात पैसा मिळतो, म्हणून अनेक लोक शेती सोडून जंगलतोडीच्या कामावर गेले होते. शेते ओसाड पडली आणि बाहेरून येणारा तांदूळ पुरेना. त्यातच आमांशाची साथ पसरली. रुग्णालयात पाय ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा नदीच्या वरच्या बाजूला सुमारे तीन किलोमीटर अंतरावर नवी, मोठी जागा घेऊन जंगल साफ करण्यात आले. जानेवारी १९२७ मध्ये रोग्यांना होड्यांतून तेथे नेले. त्या रात्री लाकडी जमिनीच्या कोरड्या खोल्यांत झोपलेल्या रोग्यांचे समाधानी चेहरे पाहून डॉक्टरांचे सारे श्रम सार्थकी लागले.

हे नवे रुग्णालय एखाद्या खेड्यासारखे होते. रोगी एकटा येत नसे. त्याची बायको, आई, मुले, कधी बकरीही बरोबर येई. नातेवाईक चूल मांडून रोग्यासाठी स्वयंपाक करीत. ज्यांना शक्य असेल, ते पैशांऐवजी केळी किंवा अंडी देत, किंवा बांधकामात मदत करीत. परक्या जागी येऊन पडलो आहोत, असे त्यांना वाटत नसे. म्हणूनच ते तेथे टिकत आणि बरे होऊन जात.

बांधकामाच्या दिवसांतील एक गंमत ऐका. डॉक्टर एक जड ओंडका उचलत होते. जवळच पांढरे कपडे घातलेला एक आफ्रिकी तरुण बसला होता. त्याला डॉक्टरांनी हात लावायला सांगितले. आपण शिकलेले आहोत, ओंडके वाहत नाही, असे तो म्हणाला. त्यावर डॉक्टर हसून म्हणाले, की तू नशीबवान आहेस. मलाही शिकलेला माणूस व्हायचे होते, पण ते काही मला जमले नाही! हे सांगणाऱ्या माणसाने तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र आणि वैद्यक अशा तीन विषयांत पदव्या मिळवल्या होत्या, हे विसरू नका. खड्ड्यात खांब रोवण्यापूर्वी तळाशी एखादा बेडूक किंवा मुंग्या तर नाहीत ना, हेही ते वाकून पाहत.

१९५२ सालचे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना १९५३ मध्ये जाहीर झाले. मिळालेला पैसा त्यांनी कुष्ठरोग्यांची वसाहत बांधण्यासाठी खर्च केला. एप्रिल १९५७ मध्ये त्यांनी ऑस्लोच्या नभोवाणीवरून अणुबाँबच्या चाचण्या थांबवा, असे आवाहन साऱ्या जगाला केले. त्याच वर्षी हेलेनबाईंचे निधन झाले. ४ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, डॉक्टरांनी लांबारेने येथेच देह ठेवला. ओगोवेच्या काठी त्यांची कबर आहे. तिच्यावर एक साधा क्रूस आहे.

थोर माणसांचेही सगळेच बरोबर असते असे नाही. श्वाइट्झर आफ्रिकी माणसाला भाऊ मानत. पण धाकटा भाऊ मानत. मोठा भाऊ होण्याचा हक्क गोऱ्यांना कोणी दिला, असे अनेक आफ्रिकी लोकांनी पुढे विचारले. आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. त्या मातीतील तरुणांना डॉक्टर करण्याकडे श्वाइट्झर यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. १९६० मध्ये गॅबन स्वतंत्र झाला, तेव्हा त्यांचे रुग्णालय जुन्या पद्धतीचे राहिले आहे, अशी टीकाही झाली. मात्र एक गोष्ट त्यांनी पहिल्यापासून स्पष्ट सांगितली होती. आपण आफ्रिकेवर उपकार करीत नाही, असे ते म्हणत. गोऱ्या लोकांनी येथील माणसांवर जे अन्याय केले, त्यांचे हे थोडेसे प्रायश्चित्त आहे, अशी त्यांची भावना होती. ज्याला वेदनेतून सुटका मिळाली, त्याने दुसऱ्याला वेदनेतून सोडवले पाहिजे. हे देणे आहे, दान नव्हे, असे ते मानत.

डॉक्टरांच्या मागे रुग्णालय बंद पडले नाही. १९८१ मध्ये जुन्या जागेजवळच नव्या इमारती बांधल्या गेल्या. तेथे हिवतापावर संशोधनही चालते. मुलांना हिवतापापासून वाचवणाऱ्या एका लशीची चाचणी आफ्रिकेत ज्या ठिकाणी झाली, त्यांपैकी एक ठिकाण लांबारेने हे होते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लशीची शिफारस केली. ज्या कामात श्वाइट्झर कमी पडले, तेही आता होत आहे. आफ्रिकी डॉक्टर आणि संशोधक तेथे काम करतात.

मुलांनो, आफ्रिकेला जाणे प्रत्येकाला जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण तुम्हांला पुस्तके मिळतात, शिक्षक मिळतात, आजारी पडलात तर औषध मिळते. तुमच्याच गल्लीत, तुमच्याच वर्गात कोणाला तरी यांतले काही मिळत नसेल. तो कोण आहे, हे आधी शोधा. पुढे काय करायचे, ते तुमचे तुम्हांलाच सुचेल.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लांबारेने हे गाव कोणत्या नदीच्या काठी आहे?
(२) डॉ. श्वाइट्झर यांचा पहिला दवाखाना कोठे होता?
(३) लोक डॉक्टरांना कोणत्या नावाने ओळखू लागले?

प्र. २. कारणे लिहा.
(१) कुस्ती जिंकल्यावरही आल्बर्टला आनंद झाला नाही.
(२) औषधाची बाटली परत करण्याचा नियम होता.
(३) महायुद्ध सुरू होताच श्वाइट्झर पतिपत्नीला कैद केले.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) जोसेफने डॉक्टरांना कशी मदत केली?
(२) म्हाताऱ्या आफ्रिकी माणसाच्या प्रश्नाला डॉक्टरांजवळ उत्तर का नव्हते?
(३) देणे आणि दान यांत तुमच्या मते काय फरक आहे?

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
चीत करणे, स्वस्थ बसू न देणे, मागे न हटणे, सार्थकी लागणे.

उपक्रम : तुमच्या गावातील किंवा शहरातील एखाद्या जुन्या दवाखान्याची माहिती मिळवा आणि ती दहा ओळींत लिहा.